बर्फावर तू पुढं

आमच्या चौघांच्या दोराचा क्रम ठरलेला होता. पुढे मिस्त्री, त्याच्या मागे सुतारदादा, मग मी आणि सगळ्यांत शेवटी बर्फवाला. कडा कोणताही असो, हा क्रम बदलत नसे. पहिला माणूस वाट काढतो, मेखा ठोकतो, कुठे थांबायचं आणि कुठून परतायचं ते ठरवतो. शेवटचा माणूस त्या मेखा हलवून हलवून उपटतो आणि पिशवीत भरत वर येतो. पहिल्याचं ऐकायचं, हा एकच नियम आम्ही कुठेही न लिहिता पाळत होतो.

पिंपरीत औषधांचा कारखाना सुरू झाल्यानंतरच्या तीन-चार हिवाळ्यांतली ही हकिगत आहे. तेव्हा पिंपरी आणि चिंचवड ही दोन वेगळी गावं होती आणि मधे ज्वारी उभी असे. चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. बाजाराच्या रिकाम्या ट्रकमधून चाकणच्या अलीकडे उतरून आम्ही भामचंद्राच्या डोंगराकडे चालत जायचो. आज त्या वाटेवर मोटारींचे कारखाने आहेत. तेव्हा फार तर एखादी बैलगाडी भेटायची.

मिस्त्री दापोडीच्या वर्कशॉपात फिटर होता आणि दापोडीतच रेल्वेफाटकाजवळच्या गल्लीत राहायचा. त्याचे वडील टांग्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे लोखंडी कमानी, ठोकायचे. त्याने भंगारातून आणलेल्या ट्रकच्या कमानीचे पाटे तापवून आमच्या मेखा घडवल्या. सुतारदादा राजापूरकडचे, आमच्यात वयाने मोठे. चिंचवडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात ते लाकडी साचे बनवायचे. मी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि चिंचवडहून लोकलने जा-ये करायचो. चौथा बर्फवाला. तो मूळचा पिंपरी गावातला. स्टेशनाच्या पलीकडे बर्फाचा एक छोटा कारखाना होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तिथे लाद्या काढायच्या कामावर होता.

आम्ही हिवाळ्यातच का चढायचो, याचं कारण त्याच्या कामात होतं. उन्हाळाभर त्याला सुट्टी नसे. दिवाळी झाली की बर्फाचं गिऱ्हाईक आटायचं, तिथून संक्रांतीपर्यंत रविवार मोकळे मिळायचे. चौघांचे रविवार तेवढ्याच काळात जुळायचे.

तो दोरावर शेवटी का, याचंही कारण त्याच्या कामातच होतं. वर्षानुवर्षं ओल्या गोणपाटात लाद्या धरून त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. चहाचा उकळता पेला तो बिनदिक्कत हातात घ्यायचा. पहिल्या हिवाळ्यात तो दोरावर दुसरा असे. भामचंद्राच्या कड्यावर एकदा त्याने धरलेला दगडाचा ओठ हळूहळू निखळत होता. दुसऱ्या कोणाला ते बोटांना जाणवलं असतं, त्याला नाही जाणवलं. तो दहा फूट खाली दोराला लोंबकळला. लागलं काही नाही. पुढच्या रविवारी मिस्त्रीने दोर बांधताना त्याला शेवटचं टोक दिलं. त्याने ते कमरेला बांधलं.

दोन हिवाळे असे गेले. मेखांची पिशवी नेहमी त्याच्याच खांद्यावर. सुतारदादा त्याला गमतीने भंगारवाला म्हणू लागले. तो हसायचा, पण एकदा भाकरी खाताना त्याने मिस्त्रीला विचारलं, आपण कायम शेवटीच राहायचं का. विचारताना तो पिशवीतल्या मेखा मोजत होता, वर पाहत नव्हता.

मिस्त्री खोटं बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळे त्याला विचार करावा लागला.

"दगडावर तुला पुढं नाही घेता येणार, भावा," तो म्हणाला. "दगड बोटांचा आहे. पण कधी बर्फावर गेलो ना, तर बर्फावर तू पुढं. जबान दिली."

सुतारदादा म्हणाले, मग पिंपरी स्टेशनावरच मोहीम काढू, लोकलने जाता येईल. सगळे हसले. बर्फवाला हसला नाही. त्याने मेखांची पिशवी बांधली आणि म्हणाला, "ध्यानात ठेवा, मिस्त्री."

त्यानंतर महिन्याभरात पुण्यात जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर मला एक इंग्रजी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ आणि पहिली आठ पानं गेलेली होती, त्यामुळे ते कोणी लिहिलं हे कधीच कळलं नाही. विषय होता हिवाळ्यातल्या पहाडी चढाया: गोठलेले धबधबे चढणं, उतारावर पायऱ्या कापणं, लाकडी पट्ट्या पायांना बांधून घसरत जाणं. इतर तिघांना इंग्रजी येत नव्हतं. मी ते एका दोनशे पानी वहीत मराठीत उतरवायला घेतलं आणि दर रविवारी, डोंगराकडे निघण्याआधी, पिंपरी स्टेशनासमोरच्या हॉटेलात बसून नवीन पानं वाचून दाखवू लागलो.

इथे एक चूक झाली आणि ती माझी होती. इंग्रजीत त्या पांढऱ्या वस्तूंना दोन शब्द होते, स्नो आणि आइस. मी दोन्हींना बर्फ लिहिलं. आमच्या कचेरीतली शिस्तच तशी होती. कोणी 'हिम' लिहिलं की मुख्य उपसंपादक त्यावर लाल पेन्सिल फिरवायचे. वाचक हिम खात नाही, बर्फ खातो, असं त्यांचं म्हणणं. काश्मीरच्या बातमीत बर्फ पडायचा, मासळीबाजाराच्या बातमीतही बर्फच असायचा. मी दोन्हींपैकी एकच वस्तू पाहिलेली होती. ती पिंपरीतली.

बर्फवाल्यासाठी ती वही म्हणजे त्याच्या धंद्याचं पुस्तक ठरली. पायरी कापताना हत्यार सरळ न मारता तिरकं मारावं, असं एका पानावर होतं. ते वाचून व्हायच्या आधीच तो म्हणाला, सरळ मारलं तर लादी उभी फुटते, हे काय लिहून ठेवायचं. स्वच्छ काचेसारख्या बर्फापेक्षा दुधाळ बर्फ ठिसूळ, हेही त्याला ठाऊक होतं. लादीच्या मध्यावर दुधाळ पट्टा असतो आणि करवत तिथेच लवकर चालते. दोन वर्षं आमच्यात सर्वांत कमी बोलणारा हा माणूस आता पान वाचलं की समजावून सांगू लागला. मिस्त्री वहीपेक्षा त्याच्याकडे जास्त लक्ष देऊ लागला.

एका पानावर मात्र तो अडला. बर्फात कमरेपर्यंत रुतल्यास काय करावं, असं त्या प्रकरणाचं नाव होतं.

"बर्फात माणूस रुततो कसा?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, जागोजागी वितळत असेल. वर्तमानपत्रात असल्या अंदाजावर मी कोणाची बातमी पुढे जाऊ दिली नसती.

तयारीला एक वर्ष गेलं. मिस्त्रीने त्याच कमानीच्या पाट्यांतून चार कुदळी घडवल्या, एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला पातं. खडकीच्या जुन्या बाजारातून लष्करी बूट आणून त्यांच्या तळांना खिळे मारून घेतले. थंडीत बर्फाच्या कारखान्यात कमी डबे भरले जात, त्यामुळे मालकाने आम्हाला एका रविवारी सकाळी मागचं अंगण वापरू दिलं. भिंतीला टेकवून सहा लाद्या उभ्या केल्या आणि आम्ही पाळीपाळीने त्यांत पायऱ्या कापल्या. मी दोन लाद्या फोडल्या, सुतारदादांनी एक, मिस्त्रीने दोन. बर्फवाल्याने सहाव्या लादीत खालपासून वरपर्यंत पाच पायऱ्या कापल्या आणि लादीला चीर गेली नाही. मालक पाहत उभे होते. ते म्हणाले, ह्याला डोंगरावर नेऊन परत आणा म्हणजे झालं, उन्हाळ्यात मला लागतो.

त्याच सकाळी त्याने आम्हाला लादीचा आवाज शिकवला. कारखान्यात पाण्याचे डबे मिठाच्या गार पाण्यात सोडलेले असतात. लादी कडेने आधी गोठते, मध्य शेवटी. डबा वर काढण्यापूर्वी तो लाद्या ओढायच्या लोखंडी आकड्याच्या मुठीने बर्फावर ठोकायचा. आतपर्यंत गोठली असेल तर खणखणीत वाजायची. मध्य कच्चा असेल तर बद्द. कच्च्या लादीला तो 'पोटात पाणी' म्हणायचा. आम्ही चौघांनी दोन डब्यांवर ठोकून पाहिलं. तिघांना फरक ऐकू आला नाही. त्याने एक काढायला सांगितला आणि दुसरा तसाच ठेवायला.

सुतारदादांचं काम निराळं होतं. वहीतल्या वर्णनावरून आणि पुस्तकातल्या एका चित्रावरून त्यांनी घसरायच्या पट्ट्यांची एक जोडी बनवली. लाकूड सागवान, कारण त्यांच्या मते काम करण्यासारखं दुसरं लाकूड नव्हतं. पुढची टोकं त्यांनी वाफेवर वाकवली. पट्ट्या देखण्या झाल्या आणि फार जड झाल्या. घोरवडेश्वराच्या उतारावर जानेवारीत गवत वाळून गुळगुळीत होतं, तिथे आम्ही त्यांच्यावरून घसरून पाहिलं. पंचवीस-तीस पावलं जाता यायचं. त्यानंतर सगळे बसून मोज्यांतली कुसळं काढायचो.

जानेवारीच्या शेवटी आम्ही निघालो. पुणे, दिल्ली, कालका, तिथून छोट्या गाडीने सिमला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात पट्ट्या बाकाखाली मावेनात. तिकीट तपासनिसाने हे काय आहे म्हणून विचारलं. सुतारदादा म्हणाले, खाटेचं लाकूड आहे. एवढी वाकडी खाट कोणाची, असं विचारून तो पुढे गेला. चौथ्या दिवशी दुपारी सिमल्याच्या पुढे, जिथून बस पुढे जात नव्हती, अशा एका गावात आम्ही उतरलो. सगळं पांढरं होतं.

बर्फवाला बसमधून पहिला उतरला. त्याने कुदळीचं टोक रस्त्याच्या कडेला मारलं. ते दांड्यापर्यंत आत गेलं आणि काहीच आवाज आला नाही. त्याने ते उपसलं, पुन्हा मारलं. मग खाली बसून ओंजळ भरून घेतली आणि दाबली. ती पिठासारखी दबली. आम्ही मागे उभे होतो.

"ह्यो भुसा हाय," तो म्हणाला.

कारखान्यात लाद्या लाकडाच्या भुशात पुरून ठेवतात. त्याच्या दृष्टीने जे समोर होतं ते बर्फाभोवती घालायची वस्तू होती. मला त्या क्षणी माझ्या वहीतली पानं आठवली. कमरेपर्यंत रुतण्याचं प्रकरणही आठवलं. मी त्याला सांगितलं की पुस्तकात दोन शब्द होते. एक ह्याचा आणि एक लादीसारख्या गोठलेल्या पाण्याचा.

"दोन व्हते?"

"हो."

"आन तुमी एकच लिवला."

"हो."

त्याने हात झटकले. तो रागावला असावा, पण त्याने तसं दाखवलं नाही. एवढंच म्हणाला, माणूस रुततो कसा असं मी विचारलं तेव्हाच पेपरवाल्यांनी सांगायला हवं होतं. ते खरं होतं.

गावातल्या धर्मशाळेत सामान टाकून आम्ही उतारावर गेलो. दोर काढला तेव्हा मिस्त्रीने ठरल्याप्रमाणे पहिलं टोक त्याच्यापुढे धरलं. बर्फवाल्याने ते घेतलं नाही.

"जबान बर्फाची व्हती, मिस्त्री. ह्यात मला काय कळतंय? ह्यात तुमाला जेवढं कळतं तेवढंच मला."

मिस्त्री म्हणाला, सरकारदरबारी हा बर्फच आहे. सुतारदादा म्हणाले, चार दिवस गाडीत बसून आलोय, शब्दांवर भांडू नका. बर्फवाल्याने वाद घातला नाही. त्याने मिस्त्रीच्या हातातून दोराचं दुसरं टोक घेतलं, शेवटचं, आणि कमरेला बांधलं. एक वर्ष आमच्या चौघांत ज्याने सर्वांत जास्त तयारी केली होती तो माणूस मेखांची पिशवी खांद्याला लावून पुन्हा मागे जाऊन उभा राहिला.

पुढचे दोन दिवस मिस्त्री पुढे होता. भुशात वाट काढणं म्हणजे कमरेने नांगरणं होतं आणि ते त्याला जमलं. सुतारदादांच्या पट्ट्या पहिल्या दिवशी जागच्या हलल्या नाहीत, खाली गोळे चिकटत होते. धर्मशाळेचा चौकीदार, पहाडी मनुष्य, ते पाहून आत गेला आणि मेणबत्तीचा तुकडा घेऊन आला. पट्ट्यांना मेण घासल्यावर सुतारदादा उतारावरून सरळ रेषेत खाली गेले. वळायचं कसं हे वहीत होतं, पण ते वाचून कळण्यासारखं नव्हतं. ते एका देवदाराला अलगद टेकून थांबले आणि लाकूड कोणतं आहे ते बघायला सालीवर नखाने ओरखडा काढू लागले. तिघांनी पाळीपाळीने पट्ट्या घातल्या. बर्फवाला म्हणाला, तुम्ही घसरा, मी बघतो.

हे सगळं आनंदाचं होतं. आम्ही हसत होतो, पडत होतो, ओले होत होतो. तोही हसत होता. पण रात्रीच्या जेवणाआधी धर्मशाळेच्या ओट्यावर तो कुदळीचं पातं कानशीने घासत बसायचा. वापर नसल्यामुळे धार गेलेली नव्हती. तरी घासायचा.

तिसरा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरायची होती, सगळ्यांची रजा संपत आली होती. डोंगरधारेच्या टोकावर लाकडी देऊळ होतं, तिथवर जायचं मिस्त्रीने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. घरी दाखवायला तेवढंच होतं, शिखर म्हणता येईल असं. आदल्या रात्री जेवताना चौकीदाराला वाट विचारली. तो म्हणाला, वाट सोपी आहे, फक्त डोंगराच्या सावलीत एक नाला आडवा येतो, तिथे सांभाळा.

"उधर बरफ नहीं, बाबूजी," तो म्हणाला. "शीशा है."

बर्फवाल्याने जेवण थांबवून त्याच्याकडे पाहिलं. काच, असं त्याने मला विचारलं. मी हो म्हणालो. या वेळी मी चौकीदाराला पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

नाला सकाळी दहाच्या सुमारास लागला. डोंगराच्या उत्तर अंगाला, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथे वाट तुटलेली होती. वरून झिरपणारं पाणी उतारावर गोठून तीस-चाळीस फूट रुंद पट्टा झाला होता. खाली तो दरीत वळत जात होता. रंग निळसर, मधे दुधाळ. पलीकडे वाट पुन्हा सुरू होत होती आणि झाडांतून देवळाचं छप्पर दिसत होतं. पाव तासाची चाल.

मिस्त्रीने दोर सोडला आणि पुढचं टोक बर्फवाल्याला दिलं. या वेळी त्याने ते घेतलं. मेखांची पिशवी खांद्यावरून उतरवून त्याने मिस्त्रीपुढे धरली. मिस्त्रीने ती घेऊन सुतारदादांकडे दिली, कारण आता शेवटी ते होते. नवा क्रम असा झाला: बर्फवाला, मिस्त्री, मी, सुतारदादा. मिस्त्रीने वाटेवरच्या देवदाराला दोराचा वेढा घातला आणि दोन्ही हातांत दोर धरून उभा राहिला. इतकी वर्षं तो पुढे असायचा आणि दोर मागचे धरायचे. त्याला असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

बर्फवाल्याने पहिली पायरी कापली. आवाज खणखणीत आला. तुकडे उडून खाली गेले आणि बराच वेळ घरंगळताना ऐकू येत राहिले. त्याने तिरके दोन घाव, एक आडवा घाव, मग पात्याने तळ साफ, असं प्रत्येक पायरीला केलं. कारखान्याच्या अंगणात केलं होतं तसंच. घाई नव्हती. सहा पायऱ्यांनंतर तो दुधाळ भागाच्या कडेला पोचला. सातवी अर्धी कापून तो थांबला. कुदळ उलटी धरून त्याने दांड्याच्या मुठीने ठोकलं. मग एक हात पुढे, पुन्हा ठोकलं. मग खाली वाकून ठोकलं. असं पाच-सहा ठिकाणी. आम्हाला सगळे आवाज सारखेच वाटले.

तो मान वळवून म्हणाला, "पोटात पाणी हाय. मागं चला."

कोणी हललं नाही. मिस्त्री देवळाच्या छपराकडे पाहत होता. तो आजवर कुठल्याही कड्यावरून अर्ध्यातून परतला नव्हता. भामचंद्रावर, तुंगावर, कुठेही नाही. त्याने विचारलं की वरच्या बाजूने पाहिलं का. बर्फवाला म्हणाला, वर पण तसंच. मिस्त्री म्हणाला, पलीकडे फक्त वीस फूट उरलेत.

"बोटांना कळत नाही तुझ्या," मिस्त्री म्हणाला. हे त्याने एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. "अन कानाला एवढं कळतं?"

"बोटांना न्हाई कळत म्हणून तर कानावर काम करतो," बर्फवाला म्हणाला. "कच्ची लादी आजवर एक काढली न्हाई मी. बाकी तुमी म्हणाल तसं. पुढं मी हाय का तुमी, तेवढं सांगा."

तो सहाव्या पायरीवर उभा होता, दोन्ही पाय आडवे, कुदळ बर्फात रोवलेली. आवाज चढलेला नव्हता. सुतारदादा माझ्या मागे होते. त्यांनी मेखांची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मेखा वाजल्या, तेवढाच आवाज.

शेवटी मिस्त्री देवदाराकडे वळला आणि दोर आत ओढून घेऊ लागला. हात-हातभर, ढील न देता, जसा पहिल्याचा दोर ओढायचा असतो तसा.

"ये," तो म्हणाला. "सावकाश ये."

बर्फवाला एकेक पायरी मागे आला. वाटेवर पाय ठेवल्यावर त्याने कुदळीचं पातं बाहीला पुसलं.

वाट अरुंद होती. बाजूला होऊन एकमेकांना पुढे जाऊ द्यायला जागा नव्हती, म्हणून होतो तिथेच सगळे मागे वळलो. त्यामुळे क्रम उलटा झाला. सुतारदादा पुढे, मग मी, मग मिस्त्री आणि सगळ्यांत शेवटी बर्फवाला. दोर सोडेपर्यंत तसेच चाललो. धर्मशाळेजवळ आल्यावर सुतारदादांनी मेखांची पिशवी काढून ओट्यावर ठेवली. मिस्त्रीने ती उचलली आणि स्वतःच्या सामानात टाकली. पुण्यापर्यंत ती त्याच्याकडेच होती.

तो नाला पोकळ होता का, याची खातरजमा झाली नाही. चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, कधी असतो, कधी नसतो, माणसं दोन्ही वेळा जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बस धरली.

उन्हाळ्याच्या आधी एका रविवारी बर्फवाला ती वही घेऊन माझ्याकडे आला. एकदा पहिल्यापासून बघू म्हणाला. मूळ पुस्तक उघडून आम्ही ओळीओळीने गेलो. जिथे जिथे बर्फ लिहिलं होतं तिथे मी इंग्रजी शब्द पाहायचो. स्नो असला की तो सांगायचा, भुसा लिहा. मी खोडून भुसा लिहायचो. त्या वहीत अजून 'ताज्या भुशावर चढताना' आणि 'भुशात कमरेपर्यंत रुतल्यास' अशी प्रकरणं आहेत. कचेरीत मी बर्फच लिहीत राहिलो.

पुढल्या दिवाळीनंतर भामचंद्राकडे पुन्हा जायला लागलो तेव्हा दोराचा क्रम जुनाच होता. मिस्त्रीने पहिल्या रविवारी विचारलं होतं, पुढं येतोस का. बर्फवाला म्हणाला, दगडावर तुमीच. त्यात मन मोडल्यासारखं काही नव्हतं. मेखांची पिशवी मात्र आळीपाळीने फिरू लागली. ते कोणी ठरवलं होतं हे मला आठवत नाही.

त्याच सुमारास पिंपरी स्टेशनासमोरच्या हॉटेलात मिस्त्रीच्या वर्कशॉपातले दोघे भेटले. त्यांना आमची सहल ठाऊक होती. एवढे हिमालयात गेलात आणि पाव तासावरून परत आलात, असं त्यातला एक म्हणाला. कोण घाबरलं, असंही त्याने विचारलं. बर्फवाला समोरच बसला होता आणि उकळत्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून खाली पाहत होता.

"घाबरायचं काय त्यात," मिस्त्री म्हणाला. "पुढच्यानं सांगितलं परत फिरा. फिरलो." आणि त्याने आपला चहा बशीत ओतला.